कात टाकताना हलवू नये

आमचे हे पलटणीतून रिटायर होऊन आष्ट्याला आले आणि आम्ही रेशमाचे किडे पाळायला घेतले. जमलं तर हे घरी राहणार, नाही तर पुण्याला सिक्युरिटीच्या नोकरीवर जाणार, असं ठरलेलं. सगळा संसार यांच्या सुट्ट्यांवर काढलेली बाई मी. परत एकटीनं दार लावून झोपायचं माझ्या जिवावर आलं होतं.

रेशमाचा किडा वाढताना चारदा कात टाकतो. तिसऱ्या कातीला घोळ झाला. कात टाकायच्या वेळी किडा खाणं सोडतो, डोकं वर करून गप्प बसतो. जुन्या कातडीच्या आत नवी तयार होत असते. एक रस जुनीला आतून विरघळवतो आणि तोच माल नवीच्या कामी येतो. त्याआधी किडा बारीक धाग्यांनी पाय खाली बांधून घेतो, म्हणजे तो पुढं सरकला की जुनी कात मागं राहते. हे सगळं मी त्या दिवशी सांगलीला विश्रामबागच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या तासाला घसा कोरडा करून शिकवत होते, आणि घरी यांनी काय करावं? सुकलेला पाला दिसला, लेंड्या दिसल्या. फौजी माणसाला किड्यांचं का होईना, अंथरूण घाण बघवतंय होय! सगळे किडे उचलून रॅक लख्ख झाडून काढला.

"आवं, कात टाकताना हलवू नये म्हणून सांगितलं होतं ना!"

"खात न्हवतं गं कोण. म्हटलं, आजारी हाईत, निदान जागा तरी साफ करावी."

सकाळी बघतो तर कितीतरी किडे जुन्या कातीत अर्धवट अडकून मेलेले. यांनी गुमान नोकरीसाठी पुण्याच्या मित्राला फोन लावला.  मी नुसती भिंतीला टेकून बसले.

उरलेले चौथ्या कातीला बसले. त्या संध्याकाळी एसटीतून उतरून पाय ओढत आले, तर शेडच्या दारात खुर्ची टाकून हे ताठ बसलेले. जागा कोरडी राहावी म्हणून आत चुना भुरभुरलेला, पाला बंद. जाऊबाई डोकावायला आल्या, तर त्यांनाही बाहेरूनच परतवलं.

तेवढ्यात फोन वाजला. पुण्याचा मित्र, उद्या हजर होतोस का म्हणून विचारत होता.

"न्हाई गड्या," हे हळू आवाजात म्हणाले, "हितं ड्युटी लागलीय."

मी चप्पलही न काढता उंबऱ्यावर बसले. कितीतरी वर्षांनी वाटलं, आता माझा डोळा लागला तरी चालेल.