पेरूवरची सीडी

शेजारच्या पेरूवर पोपट बसू नयेत म्हणून सीडी टांगली आहे. ती उन्हात चमकली की एक हळद आठवते. टॉवेलच्या कारखान्यात माझ्या शेजारी शिवायला बसणाऱ्या मैत्रिणीचं लग्न ठरलं, तेव्हा तिची आवडती गाणी मी सीडीवर भरून घेतली. गाण्यांची नावं ठाऊक नव्हती, म्हणून परक्या दुकानदारासमोर मान खाली घालून एकेक गुणगुणून दाखवलं. हळदीला सीडी लावली, तर वाजेचना. तिची आत्या म्हणाली, “कोरीच हाय की गं! ताटली म्हून वापरायची व्हय?” मैत्रीणही हसली. मी सीडी काढून पिशवीत घातली. दुकानदार नंतर म्हणाला, ही कॉम्प्युटरवरच लागते, जुन्या प्लेअरवर नाही. तोवर ती करमाळ्याला नांदायला गेली, पुन्हा भेटलीच नाही. आजही मी मनात म्हणते, कोरी नव्हती गं.