खंडेनवमीचा स्विच

आमच्या मेडिकल कॉलेजच्या संशोधन विभागात खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते. मायक्रोस्कोप, सेंट्रिफ्यूज, वजनकाटा, सगळे झाडूनपुसून ओळीनं मांडले जातात. त्यांना हळदकुंकू लागतं, शहागंजच्या बाजारातून आणलेल्या झेंडूच्या माळा चढतात, पेढे वाटले जातात. मग यंत्रांना विश्रांती म्हणून सगळे स्विच बंद करून लोक दसऱ्याच्या सुटीवर जातात. सुताराच्या पटाशीला आणि शिंप्याच्या मशीनला हे शोभतं. पण आमच्याकडच्या एका यंत्राच्या पोटात जिवंत माल असतो.

त्या यंत्राला इन्क्युबेटर म्हणतात. छोट्या कपाटाएवढं, आत माणसाच्या अंगाइतकी ऊब आणि दमट हवा. माझं काम तोंडाच्या कर्करोगावर. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचा तुकडा पेशंटच्या परवानगीनं घ्यायचा, बर्फाच्या डब्यातून लॅबमध्ये आणायचा आणि त्यातल्या पेशी चपट्या बाटल्यांत जगवायच्या. त्या जगल्या तरच त्यांच्यावर औषधं लावून बघता येतात. बहुतेक वेळा जगत नाहीत. माणसाच्या तोंडात माजलेला हा रोग बाटलीत घातला की एकदम नाजूक होतो, नव्या जावयासारखी त्याची सरबराई करावी लागते.

मी इथं लागले त्या पहिल्या वर्षी दसऱ्याला लागून रविवार आला होता. सुटी संपवून आले तर इन्क्युबेटरच्या दाराला वाळलेली माळ आणि आत थंडगार. कुणीतरी भक्तिभावानं आतल्या कप्प्यातही एक फूल ठेवलं होतं. बाटल्यांत पांढरी बुरशी धरली होती. महिनोन्‌महिने पोसलेलं सगळं फेकावं लागलं. विभागप्रमुख सर म्हणाले, "अरेरे," आणि चहा मागवला. मी चहा प्यायले नाही, त्यापलीकडे तेव्हा काही केलं नाही.

पुढच्या वर्षी माझ्याकडे बिडकीनच्या बाईंच्या पेशी होत्या.

या बाईंनी आयुष्यभर मिश्री लावली होती. गालाचा अर्धा भाग काढावा लागला. परवानगी घ्यायला मी वॉर्डात गेले तेव्हा त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजी मपल्या तोंडातलं तुम्ही सांभाळणार? कामून?" मी म्हटलं, त्याला कशानं मारायचं ते शिकायला. त्या म्हणाल्या, "मग न्या." पुढं पट्टी बदलायला आल्या की ओपीडीतून निरोप यायचा, बिडकीनवाल्या बाई विचारतायत, ते जित्तं हाय का. मी दर वेळी खाली जाऊन सांगायची, आहे. आणि खरंच त्या पेशी वाढत होत्या, त्या वर्षी तेवढ्याच. पण गोठवून जपून ठेवण्याइतक्या अजून झाल्या नव्हत्या. बंद इन्क्युबेटरमध्ये एक सुटी गेली असती तर त्या संपल्या असत्या.

नवरात्र बसलं तशी मी सरांकडे गेले. म्हटलं, या वर्षी इन्क्युबेटर बंद होणार नाही.

"मॅडम, वर्षातून एकदा," सर म्हणाले. "इतक्या वर्षांची पद्धत आहे."

"मग डीप फ्रीजरला विश्रांती नको का, सर?"

डीप फ्रीजर कुठल्याच खंडेनवमीला बंद होत नसे, कारण सरांचे स्वतःचे नमुने त्यात होते. सरांनी चष्मा काढून पुसला. "त्याची गोष्ट वेगळी," म्हणाले. कशी वेगळी ते मी विचारलं. त्यावर ते म्हणाले, "तुमच्याकडे हे मानत नाहीत, म्हणून तुम्हाला त्याचं..." आणि वाक्य तसंच सोडून दिलं.

अर्धी सोडलेली असली वाक्यं मी लहानपणापासून ऐकत आलेय. बाकीचा अर्धा भाग मला पाठ आहे. मला भयंकर राग आला. म्हटलं, "खरंय सर, आमच्याकडे मानत नाहीत. आजोबांनी धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून देवगाव रंगारीच्या आमच्या घरात पूजा नाही. पण पेशींना ते ठाऊक नाही. त्यांना सदतीस डिग्री लागते, ती मानणाऱ्याच्या हातून मिळो की न मानणाऱ्याच्या."

सर म्हणाले, "स्विच मावशी बंद करतात. मी काही सांगणार नाही." म्हणजे हो नाही आणि नाहीही नाही. आमच्या विभागात बरेच निर्णय असेच होतात.

खंडेनवमीला मी सकाळीच खुर्ची ओढून इन्क्युबेटरच्या स्विचपुढं बसले. आमच्या अटेंडंट मावशी ताट घेऊन आल्या.

"उठा की मॅडम, कुंकू लावायचंय."

"मावशी, खोलीच्या दाराला लावा, बाहेरून. तोरणही तिथंच. आत फूल नको, फुलासोबत बुरशी येते."

"झेंडूत बुरशी? देवाला चालतंय ते."

"देवाला चालतं. याला चालत नाही."

"आन् बटन?"

"बटनाला हात लावायचा नाही."

"सर काय म्हणले तर?"

"सांगा त्यांना, मी बसलेय."

मावशींनी माझ्याकडं नीट बघितलं. मग दाराला बाहेरून कुंकू लावलं, तोरण बांधलं आणि परत येऊन माझ्या हातावर दोन पेढे ठेवले. "मग बसा," म्हणाल्या. "पर उपाशी नका बसू." कॉरिडॉरमधले स्विच एकेक करून बंद होत गेले. इन्क्युबेटरचा दिवा चालू राहिला.

दुसऱ्या दिवशी दसरा. त्या दिवशी आमच्याकडची माणसं पांढरे कपडे घालून विद्यापीठामागच्या लेण्यांवर जातात. कळायला लागल्यापासून मी ते चुकवलं नव्हतं. त्या वर्षी चुकवलं. परत कुणाला विश्रांतीचा उमाळा आला तर, म्हणून पेशींचं पोषक पाणी बदलून तिथंच बसले. दुपारी आई लेण्यांवरून थेट आली, पांढऱ्या साडीत, हातात खिरीचा डबा. मी सगळं सांगितलं. ती इन्क्युबेटरकडं बघून म्हणाली, "म्हंजी यंत्राला हात जोडायचे नाय, पर त्याच्यापुढं दिसभर बसायचं. असं व्हय?" मी हसले. ती नाही हसली. खुर्ची ओढून तीही बसली, आणि अंधार पडायच्या आत आम्ही खीर संपवली.

सुटीनंतर बाई आल्या तेव्हा निरोप न पाठवता स्वतः जिना चढून वर आल्या. गालावर पट्टी, बोलणं अस्पष्ट. म्हणाल्या, "मला दाखवा ते." पेशंटला लॅबमध्ये आणायची पद्धत नाही. सर दारातच होते. "मॅडम, पेशंट आत?" म्हणाले. मी म्हटलं, "सर, यांचंच आहे ते." आणि बाईंना चप्पल काढायला लावून मायक्रोस्कोपपाशी नेलं. सर बाजूला झाले. एवढ्या थोड्या शब्दांत सरांना मी इतका त्रास आजवर कधी दिला नव्हता.

बाईंना आधी काही दिसेना. एक डोळा मिटायला सांगितलं, काच फिरवून दिली. मग त्या खूप वेळ वाकून बघत राहिल्या.

"एवढुसं?" म्हणाल्या. "एवढुशाला मी भेत व्हते?"

मी बाटली किंचित सरकवली, बाकीच्याही दिसाव्यात म्हणून.

"डॉक्टर म्हणतेत ते परत आलंय. हितं, मानंत." त्यांनी मान वर केली. "पोरी, ह्याला मपल्या आधी मरू दिऊ नगंस. जगीव चांगलं. मंग शीक कसं मारायचं ते."

दिवाळीनंतर त्या यायच्या थांबल्या. मग त्यांच्या सुनेचा फोन आला.

आज त्यांच्या पेशी इन्क्युबेटरमध्ये आहेत आणि गोठवलेल्याही आहेत, सरांच्या नमुन्यांशेजारी, त्याच कधीही बंद न होणाऱ्या डीप फ्रीजरमध्ये. खंडेनवमी पुन्हा जवळ आली आहे. मावशींनी परवाच विचारलं, खुर्ची आणून ठिऊ का. ठेवा म्हटलं. बाईंच्या आधी ते मेलं नाही, तेवढा शब्द मी पाळला. आता त्याला मारायचं राहिलंय, आणि ते होईपर्यंत त्या स्विचला कुणी हात लावून बघावा.