खोकला आणि दोन किलवर

त्या दिवशी टेबलाला चौघं. मी. माझ्यासमोर आक्का, रिटायर मास्तरीण. तिच्या अनगोळच्या घरात मी सैपाक करते. डाव्या अंगाला वकील अण्णा, उजव्या अंगाला त्यांचा जोडीदार डॉक्टर. आन् हाक मारली की येणारं पंच.

आक्काची खेळातली भिडू लेकीकडं बेंगळूरला गेली, तवा आक्कानं मला पत्त्यातलं ब्रिज शिकवलं. वकील अण्णा क्लबात सगळ्यांदेखत म्हणालते, "मालकीण आन् सैपाकीण! घरातनं खुणा ठरवूनच येत असतील."

आक्का म्हणाली, "एक खूण दावा, दोघीबी पत्त्याला हात लावणार न्हाय."

खरं सांगते, खूण मला येत हुती. नवरा गेल्यावर निपाणीच्या तंबाकूच्या वखारीत ईस वर्सं काढली. मुकादम आला की आमी बाया खोकायचो. खूण तिथंच ऱ्हायली, खोकला संगं आला.

तर बोली सुरू झाली. आक्कानं एक नोट्रंप, म्हंजी बिनहुकमाचं, लावलं. मी दोन किलवरचं बोलीचं कार्ड टाकलं. ह्यात किलवर नसत्यात. "बदाम न्हायतर इस्पिकाची चार पानं हाईत का गं?" असं इचारायचं असतं. अशी आडवळणाची बोली आली की भिडूनं अलर्टचं कार्ड दावायचं, आन् समोरच्यानं इचारलं तर अर्थबी भिडूनंच सांगायचा.

आक्कानं कार्ड दावलं. अण्णांनी इचारलं, "म्हंजी काय?"

"हात हलका, किलवर लई."

माझ्याकडं किलवर एकच, तीबी दुर्री! आक्का इसरली हुती. आन् बोली सपेपर्यंत मी भुवईबी हलवायची न्हाय. नेमकी तवाच घशात वखार उठली. खोकले तर झाली खूण. दात दाबून बसले. सासूपुढं, मुकादमापुढं मुकाट ऱ्हायलेलं तोंड कामाला आलं. डोळ्यातनं पाणी गळाय लागलं. तिघंबी पास म्हणाले.

किलवर हुकूम धरून आठ हात करायचा डाव आमच्या गळ्यात पडला. बोली सपली की भिडूची चूक आपणच सांगायची, असा नियम; अण्णा पहिलं पान टाकणार, तवर मी पंचास्नी हाक मारली. "आक्कानं सांगितलं तसं आमचं ठरलेलं न्हाय. दोन किलवर म्हंजी चार पानांची चौकशी." एवढं बोलले आन् पोटभर खोकले.

शेवटचा पास डॉक्टरांचा, म्हणून पंचांनी त्यास्नी इचारलं, "तुमचा पास बदलायचा काय?"

"कशाला? हितंच लई बरं हाय!"

अण्णा हसले. "डॉक्टर, ही मावशी आपल्याच बाजूची हाय की रं!"

चार हात कमी पडले. रिक्षात आक्का म्हणाली, "टेबलाखालनं पाय तरी मारायचा गं!"

"मारला असता. मग उद्यापास्नं दोघी काय खेळणार, भातुकली?"

वाचणाऱ्यास्नी एकच इनंती. टेबलावर कोण म्हातारी खोकली तर आधी पाणी द्या. अर्थ मागनं इचारा.