दुसरी रेघ

चहा घ्या आधी, सोबत बटर पण घ्या. कारण माझा हा गाढवपणा ऐकून झाला की तुम्ही माझ्याकडे कुठल्या नजरेने बघणार, ते मला ठाऊक आहे. बायको बरीच वर्षं त्याच नजरेने बघते आहे!

लालबागला आमची एक खोली होती. एक म्हणजे एकच! मध्ये फुलाफुलांचा पडदा. पडद्याच्या अलीकडे आई-बाबा, पलीकडे मी आणि सुजाता. संडास गॅलरीच्या टोकाला आणि तिथवर जायच्या वाटेत अकरा दारं. कोण कितीला गेलं, कितीला परत आलं, सगळ्यांना सगळं माहीत.

अशा चाळीत लग्नाला चार वर्षं होऊन पाळणा हलला नाही, तर लोक बोलतात असं तुम्हाला वाटेल. नाही हो, लोक गप्प बसतात! शेजारच्या तावडेकाकी नातवाच्या बारशाचं बोलावणं करायला आल्या, तर आमच्या दारात नुसत्याच घुटमळल्या. सुजाताला बोलावू की नको? ते घुटमळणं सुजाताला फार लागलं. त्या दिवशी तिने घासलेली भांडी परत घासली.

शेवटी आम्ही परळच्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी सगळ्या तपासण्या केल्या. दोघांतही दोष नाही, फक्त नेमके दिवस साधत नाहीत, असं निघालं. त्यांनी सुजाताला पट्ट्यांचं पाकीट दिलं आणि पट्टीचं शास्त्र समजावलं. ते तिने घरी येऊन मला समजावलं.

"अहो, नीट ऐका. ही दिवस राहिले का ते बघायची पट्टी नव्हे. दिवस राहायची वेळ कधी आहे, ते सांगणारी आहे. एक रेघ रोजच दिसते. दुसरी रेघ तिच्याइतकी गडद झाली की समजायचं, आज आणि उद्या. कळलं?"

मी मान हलवली. टीव्हीवर मॅच चालू होती आणि शेवटच्या तीन ओव्हर राहिल्या होत्या. आता तुम्हीच सांगा, अशा वेळी हललेल्या मानेवर कुठली शहाणी बाई विश्वास ठेवते? सुजाताने ठेवला.

मग रोज दुपारी गॅलरी डुलक्या काढायला लागली, की सुजाता बादली घेऊन निघायची. बादलीत खोकल्याच्या औषधाचं छोटं माप लपवलेलं. पट्टी झाली की खिडकीत, घड्याळामागे. रोज एकच रेघ, फार तर दुसरीची पुसटशी सावली.

असा एक शनिवार. माझा हाफ डे. दोनच्या सुमाराला घरी आलो. सुजाता चक्कीवर दळण आणायला गेली होती, आई बांगडे साफ करत होती, बाबा पेपर तोंडावर घेऊन आडवे. मी घड्याळ बघायला गेलो आणि पट्टी दिसली. दोन रेघा! ठसठशीत!

आता टीव्हीवरच्या जाहिरातीत दोन रेघा दिसल्या की नवरा बायकोला उचलून गरगर फिरवतो की नाही? बायको चक्कीवर होती, म्हणून मी आईला मिठी मारली. बांगड्यासकट.

"आई, तू आजी झालीस!"

आईने आधी देवाला हात जोडले, मग मला दम भरला. "तीन म्हयने तोंडातसून शब्द काडूचो नाय हां! दिष्ट लागता!"

आणि हे ती कुठे उभी राहून म्हणाली? गॅलरीत! तावडेकाकींच्या दारासमोर!

बाबा उठले. आमचे बाबा गिरणीत रंगखात्यात होते. ताग्याला रंग नीट बसलाय की नाही, ते त्यांनी नजरेने सांगायचं आणि साहेबाने मान्य करायचं. मग संप झाला, गिरणी कायमची मिटली आणि ती नजर वीस वर्षं घरी बसून होती. त्यांनी पट्टी उचलली, खिडकीच्या उजेडात धरली, तिरकी करून बघितली.

"दुसरी रेघ जास्त गडद हा," बाबा म्हणाले. "रंग बसलो." आणि हसले. बाबांना असं हसताना मी कितीतरी वर्षांनी बघत होतो.

तेवढ्यात सुजाता दळणाचा डबा कमरेवर घेऊन जिना चढून आली. तीन बायका तिच्यावर धावल्या. एकीने डबा घेतला, दुसरीने पाटावर बसवलं. तावडेकाकींनी, त्याच तावडेकाकींनी, स्वतःच्या हाताने कैरीची फोड तिच्या तोंडात घातली. सुजाताला वाटलं, बहुतेक आपल्या माहेरचं कोणीतरी गेलं.

ती काही विचारणार, तोवर बाबांनी देवापुढे नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं सुरू केलं. आम्ही मालवणी माणसं. आमचं गाऱ्हाणं मनातल्या मनात होत नाही. एकाने घालायचं आणि बाकीच्यांनी साद द्यायची.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अकरा दारं एकदम ओरडली.

"आज ह्या घराचो वेल वाडूक लागलो हा, त्याची राखण कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"माझ्या सुनेन चार वर्षां सोसल्यान, तिका सुखी ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मी सगळ्यात मोठ्याने ओरडत होतो. सुजाता माझ्याकडे बघत होती. तीच ती नजर, पहिल्यांदा!

गर्दी पांगल्यावर पडद्यामागे तिने माझी कॉलर धरली. "अहो, ती पट्टी ती नव्हे! आजचा दिवस आहे, आजचा! काय सांगितलं होतं मी?"

माझ्या पायाखालची लादी सरकली. म्हटलं, ठीक आहे, आजचा तर आजचा, अजून काही बिघडलेलं नाही. तेवढ्यात पडद्याच्या पलीकडून आईचा आवाज आला.

"दीपक, तुझी वळकटी भायर गॅलरीत घातलंय. आजपासून सुनेवांगडा मी झोपतलंय. पयले तीन म्हयने जपूक व्हये!"

घ्या! चार वर्षांत देवाने एक दिवस हातात आणून दिला आणि मी आरडाओरडा करून स्वतःलाच घराबाहेर काढलं. रविवारीही आई सुजाताच्या सावलीसारखी. संध्याकाळपर्यंत तो महिना गेला. सुजाता माझ्याशी भांडली असती तर बरं वाटलं असतं. ती भांडली नाही. फक्त म्हणाली, "आता आईंना कोण सांगणार? किती खूश आहेत त्या." आणि तिचे डोळे भरून आले. माझे पण आले, खोटं कशाला बोलू.

सोमवारी मी बाबांना घेऊन चालत चिंचपोकळीला निघालो. तिथे माझी आत्या राहते, बाबांची बहीण. वाटेत सगळं सांगितलं. बापाला हे सांगणं सोपं नाही. मी रस्त्याकडे बघून बोललो, त्यांनी रस्त्याकडे बघून ऐकलं.

"म्हणजे रेघ गडद झाली, तो दिवस कामाचो?"

"हो."

"आणि आम्ही तुका गॅलरीत घातलाव?"

"हो."

बाबा स्टेशनपाशी थांबले. मग म्हणाले, "आवशीक मी सांगतंय."

काय सांगितलं, मला माहीत नाही. आई देवासमोर हात जोडून बसली. मग उठली आणि अकराही दारांत जाऊन सांगून आली, "माझीच चूक झाली गो. मीच घायन बोललंय. सुनेक कोणी काय विचारू नका." सुजाताने माझा गाढवपणा कोणाला सांगितला नाही, आईने तो स्वतःच्या अंगावर घेतला. आणि मी? मी दोन दिवस दळण आणलं.

त्यानंतर मात्र आमचं नशीब फिरलं. पुढच्या महिन्यापासून पट्टी गडद झाली रे झाली, की नेमकी त्याच संध्याकाळी बाबांना आत्याची आठवण यायची! "चल गो, भयणीकडे जाऊन येऊया." आई लगेच चप्पल घालून तयार. कधी जेवून यायचे, कधी मुक्कामच करायचे. दर महिन्याला! मी सुजाताला म्हणायचो, "बघ, गाऱ्हाणं देवाने ऐकलं की नाही?" ती नुसती हं म्हणायची.

सहाव्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, दिवस राहिले. या वेळी मी तीन महिने तोंडातून शब्द काढला नाही. मुलगी झाली. बारशाला सगळी चाळ लोटली. पाळण्यापाशी आत्या बसली होती. मला भरून आलं आणि मी सगळ्यांसमोर तिचे पाय धरले.

"आत्या, योगायोग बघ हां. आई-बाबा तुझ्याकडे बरोबर त्याच दिवशी यायचे. देवाचीच करणी!"

आत्याने आधी बाबांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"रे खुळ्या, देवाची कसली करणी? सुनबाय पट्टी खिडकीत ठेवी, तुझो बापूस उजेडात बघी आणि बायलेक घेवन माझ्या घराक येई. दारातसूनच सांगी, 'आज रंग बसलो!' मग मी भात वाडवून घाली."

मी सुजाताकडे बघितलं. ती बाळाच्या टोपीची नाडी बांधण्यात गुंग. आई पदर तोंडाला लावून हसतेय. बाबा खिडकीबाहेर बघतायत, पण कान लाल.

"म्हणजे हे सगळ्यांना माहीत होतं?" मी विचारलं.

आणि अकरा दारं एकदम ओरडली, "व्हय म्हाराजा!"