उद्याबाई

विद्यापीठाच्या व्यायामशाळेमागे एक लांबट खोली आहे. तिच्या एका टोकाला बास्केटबॉलची कडी, दुसऱ्या टोकाला टेबल आणि टेबलामागे बाई. दारावर ‘किनेसिऑलॉजी विभाग’, म्हणजे शरीराच्या हालचालींचं शास्त्र, अशी पाटी. बाईंच्या माहेरी हा शब्द तीस वर्षांत कुणालाही धड उच्चारता आला नाही. “म्हणजे पी.टी.च्याच बाई ना गं तू?” असं थोरली वहिनी दर लग्नात विचारायची आणि बाई “हो” म्हणून मोकळ्या व्हायच्या. माणसाचा हात एखादी गोष्ट शिकतो म्हणजे नेमकं काय होतं, हे लग्नाच्या गर्दीत कुणाला समजावणार?

त्या दिवशी दुपारी कडीसमोर एक उंच मुलगी उभी होती. मनगट मोडून चार महिने घरी बसलेली, आता नव्याने चेंडू टाकायला शिकत होती. तिने टाकला. चेंडू कडीला न लागता आत गेला. मुलीने वळून बाईंकडे पाहिलं.

“बाई, आत्ता कोपर बरोबर होतं ना?”

बाईंनी कागदावर खूण केली. मान वर केली नाही.

“पुढचा,” त्या म्हणाल्या.

“निदान मान तरी हलवा हो!”

“उद्या बघू. पुढचा.”

म्हणूनच मुलांनी त्यांचं नाव ‘उद्याबाई’ ठेवलं होतं. बाईंना ते माहीत होतं आणि मनातून थोडं आवडतही होतं. त्यांच्या सगळ्या संशोधनाचं सार त्या एका शब्दात होतं. दर फेकीनंतर ‘बरोबर’, ‘चूक’, ‘शाब्बास’ असं ऐकणारा खेळाडू त्या दिवशी झकास खेळतो. दुसऱ्या दिवशी सांगणारं माणूस नसलं, की त्याचा हात चाचपडायला लागतो. ज्याला काही सांगितलं जात नाही, तो आज धडपडतो, पण स्वतःच्या हाताचं ऐकायला शिकतो. म्हणून सराव आज आणि परीक्षा उद्या, तीही कुणी काही न बोलता. आज जमलं ते शिकणं नव्हे, उद्या उरलं ते शिकणं. हे बाईंनी शेकडो खेळाडूंवर तपासलं होतं, आणि ते खरं होतं. पंचाईत सगळी तिथेच होती.

चेहऱ्यावरूनही माणसाला कळतं, म्हणून बाईंनी चेहरा कोरा ठेवायची सवय लावून घेतली होती. वीस वर्षांनी ती सवय खोलीत सोडून घरी जाता येईना. सून पाहायला आलेल्या सासूचा चेहराही बाईंपेक्षा बोलका असतो, असं त्यांचा नवरा म्हणायचा.

नवरा शाळेत चित्रकलेचा मास्तर होता. सगळे त्याला मास्तरच म्हणत, आणि बाईसुद्धा. तो बाईंच्या अगदी उलटा. पोराने घोडा काढला आणि तो शेळीसारखा दिसला, तरी मास्तर लाल पेन्सिलीने खाली ‘छान!’ लिहायचा आणि पोराच्या पाठीवर दोनदा थोपटायचा. दोनदाच, हलकेच, बोटं जुळवून. बाईंनी केलेली भाजी करपली तरी “वा, आज वेगळीच चव!” म्हणायचा. “तुमच्या ‘छान’ला काही किंमत आहे का हो?” असं बाई चिडवायच्या. मास्तर हसून म्हणायचा, “अगं, आपल्या घरात कौतुकाचं काम माझ्याकडे. तू तुझं उद्याचं बघ.”

मग एका सकाळी दाढी करताना मास्तरचा उजवा हात खाली पडला तो पडलाच. वाचाही गेली. दवाखान्यातून घरी आल्यावर व्यायाम घ्यायला एक तरुण मुलगी यायची. मास्तरचं बोट जरा हललं की ती टाळ्या वाजवायची, “अरे वा, काका!” म्हणायची. मास्तर तिच्याकडे बघून अर्ध्या तोंडाने हसायचा. आठवड्याभरात बाईंनी तिला येऊ नका म्हणून सांगितलं. टाळ्यांवर शिकलेला हात टाळ्या थांबल्या की विसरतो, हे बाईंपेक्षा जास्त कोणाला ठाऊक होतं? आणि हा हात त्यांना कायमचा परत हवा होता. प्रेम नव्हतं असं कुणी म्हणू नये. प्रेम होतं म्हणूनच त्यांनी आपल्याजवळचं सगळ्यात खात्रीचं औषध काढलं होतं.

प्रयोगशाळेतला कॅमेरा त्यांनी घरी आणला. जेवणाच्या टेबलावर पट्ट्या चिकटवल्या. पेल्यात अर्धं पाणी. पेला उचलायचा, ओठाला लावायचा, परत पट्टीवर ठेवायचा. संध्याकाळी वीस वेळा. कॅमेऱ्याच्या चौकटीत फक्त टेबल, पेला आणि हात. समोरच्या खुर्चीत बाई, कागद आणि पेन.

प्रत्येक वेळी मास्तर पेला खाली ठेवायचा, किंवा पाडायचा, आणि बाईंच्या तोंडाकडे बघायचा. बाई कागदात बघायच्या. सात आठवडे हे चाललं. शेवटच्या संध्याकाळी एकोणीस वेळा पाणी सांडलं आणि विसाव्या वेळी हात नीट वर गेला. पेला ओठांना लागला, परत पट्टीवर आला. थेंबसुद्धा सांडला नाही. मास्तरने पाहिलं. बाईंनी पेन घट्ट धरलं. कागदावर एक खूण केली आणि म्हणाल्या, “उद्या बघू.” मग डोळे पुसायला त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या. मास्तरला मात्र त्यांची पाठ तेवढी दिसली.

पहाटे झोपेतच मास्तर गेला. उद्याची परीक्षा राहून गेली.

त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून बाई दोन पोळ्या लाटतात, त्यातली एक उरते, ती दुसऱ्या दिवशी खातात. वाईट झाली तरी ‘वेगळीच चव’ म्हणणारं कुणी नाही. त्यांना एकच प्रश्न कुरतडत असतो. विसाव्या वेळी हाताला खरंच आलं होतं, की नुसतं नशीब? एकदा जमणं म्हणजे जमणं नव्हे, हे त्यांनीच वर्गात हजारदा सांगितलेलं. हात शिकला नसेल, तर सात आठवडे त्या माणसाशी मुकेपणाने वागून आपण काय मिळवलं?

उंच मुलगी गेली. प्रयोगशाळेचे सहायक मामा कॅमेऱ्याची कार्डं घेऊन आले. पुढच्या महिन्यात बाई निवृत्त होणार, खोली नव्या माणसाच्या ताब्यात द्यायची, म्हणून मामांची आवराआवर चालली होती.

“बाई, या एका कार्डावर तुमच्या घरचं काहीतरी दिसतंय. पुसून टाकू का?”

बाईंनी लगेच ओळखलं, कुठलं कार्ड ते. त्या संध्याकाळी त्या उठून गेल्या, तेव्हा कॅमेरा बंद करायचं राहिलं होतं. हे त्यांच्या त्याच आठवड्यात लक्षात आलं होतं. नंतर कॅमेरा परत करताना कार्ड काढून घ्यायचा धीर मात्र त्यांना झाला नव्हता.

“ठेवा इथे. मी बघते.”

मामा बाहेर गेले. बाईंनी कार्ड संगणकात घातलं. सवयीने कोरा कागद आणि पेन पुढ्यात घेतलं.

पडद्यावर टेबल आलं, पेला आला आणि तो हात आला. एकोणीस वेळा पाणी सांडलं. विसाव्या वेळी नीट जमलं. त्यांचाच आवाज आला, “उद्या बघू.” किती कोरडा तो आवाज! खुर्ची सरकली, पावलं गेली, आत भांडी वाजली.

हात टेबलावर तसाच पडून होता. मग तो हलला. कुणी न सांगता बोटं पेल्याभोवती वळली, पेला चौकटीतून वर गेला, परत पट्टीवर आला. सांडला नाही. बाईंनी खूण केली. हात थांबला. रोज बाईंच्या चेहऱ्याकडे बघायला जेवढा वेळ लागायचा तेवढाच थांबला, रिकाम्या खुर्चीपुढे. मग पुन्हा पेला. पुन्हा नीट. पुन्हा तेवढंच थांबणं. बाई खुणा करत राहिल्या. आठ झाल्या. समोर कुणी नसताना, लागोपाठ आठ वेळा. हाताला आलं होतं. आता शंकेला जागाच नव्हती. त्यांचं शास्त्र बरोबर होतं आणि बाई बरोबर होत्या.

नवव्या वेळी पेला खाली आला, हात थांबला, आणि बाजूने मास्तरचा डावा हात चौकटीत आला. तो उजव्या हाताच्या पाठीवर टेकला. त्याने दोनदा थोपटलं. हलकेच, बोटं जुळवून.

बाईंचं पेन खाली पडलं. तीस वर्षं ज्याने घरातलं सगळं कौतुक एकट्याने केलं, त्याला शेवटी स्वतःचंही स्वतःच करावं लागलं, आणि आपण चार पावलांवर भांडी घासत होतो. त्या टेबलावर डोकं टेकून रडल्या. लहान मुलासारख्या, आवाज करून.

बऱ्याच वेळाने त्यांनी मान वर केली. पडद्यावर दोन्ही हात पेल्याशेजारी एकमेकांवर शांत होते. बाईंनी तोंड उघडलं. शब्द साधा होता, मास्तर तो दिवसातून शंभर वेळा लिहायचा. पण त्यांच्या जिभेला त्याचा सराव नव्हता. पहिल्यांदा तो घशातच राहिला. दुसऱ्यांदा नुसतीच हवा आली.

“छान,” तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या. “छान जमलं हो.”

मामांनी दारातून डोकावलं. “काही म्हणालात, बाई?”

“तुम्हाला नाही,” बाई म्हणाल्या. “ते कार्ड मात्र पुसू नका.”