टॉवेलवरचा हिरवा शिक्का

कपड्यांचे ब्रँड माणसांना आणि मातीला कितपत सांभाळतात, हे तपासायची माझी नोकरी आहे. ब्रँडचा माल जिथे तयार होतो तिथे आम्ही जातो. रंगाचं पाणी कुठे सोडतात, कामाचे तास किती, बायकांसाठी संडास आहेत का, हे सगळं पाहून दर्जा ठरवतो. दर्जा चांगला आला की मालावर हिरवा शिक्का बसतो. आईला हे काम कधी नीट कळलं नाही. ती शेजारणींना सांगते, "आमची पोरगी पुण्यात कारखान्यांचे पेपर तपासते."

गेल्या वर्षी एका टॉवेलच्या ब्रँडचं काम आलं आणि कारखाना निघाला सोलापूरचा. मला आनंदच झाला, कामाच्या निमित्ताने आईकडे राहणं होणार होतं. तपासणीच्या आदल्या संध्याकाळी पोचले तेव्हा शेजारच्या अक्काच्या दाराला कुलूप होतं. अक्काचं आणि आमचं घर भिंतीला भिंत लागून. तिच्या घरी तेलुगू बोलतात. लहानपणी ती तिच्या मुलांना तेलुगूत आणि मला मराठीत रागवायची, एवढाच काय तो फरक. आई आजारी होती तेव्हा मी महिनाभर तिच्याच घरी जेवले होते.

"अक्का कुठंय गं?" मी आईला विचारलं.

"टॉवेलच्या कारखान्यात लागलीये. आता कुठली येतीय ती! आपलं जेवण होऊन भांडी घासून होतात, तेव्हा गाडी आणून सोडते तिला."

सोलापुरात टॉवेलचे कारखाने काय थोडे आहेत? मी फार विचार केला नाही.

दुसऱ्या दिवशी एमआयडीसीतला कारखाना पाहिला. पाणी साफ करायची टाकी खरोखर चालू होती. सेंद्रिय कापसाची कागदपत्रं सरळ होती. दुपारनंतर एका खोलीत मी कामगारांशी एकेकटं बोलायला बसले. दोघी बोलून गेल्या, आणि तिसरी आत आली ती अक्का.

"अक्का! अगं, मी!"

तिने दाराकडे पाहिलं, खुर्चीच्या टोकावर बसली आणि म्हणाली, "नमस्कार मॅडम. विचारा."

मीही मग छापील प्रश्नच विचारला, सुटी किती वाजता होते?

"साडेपाचला, मॅडम."

"आणि जादा काम?"

"जादा काम आयच्छिक आहे."

आधीच्या दोघींनीही हेच वाक्य म्हटलं होतं. ऐच्छिक हा शब्द अक्काच्या तोंडून मी उभ्या आयुष्यात ऐकला नव्हता. 'आहे' तर नाहीच. ती नेहमी 'हाय' म्हणते.

निघताना मी मालकांना कामाच्या तासांबद्दल छेडलं. साठीचे, शांत गृहस्थ. तेही थकल्यासारखे दिसले. म्हणाले, "ब्रँड डिझाईन पक्कं करायला उशीर करतो आणि माल मात्र ठरल्या तारखेलाच मागतो. मधले दिवस मी कुठून आणू, ते सांगा." ब्रँडला हा प्रश्न विचारायला माझ्या प्रश्नावलीत जागा नव्हती.

त्या दिवशी दिवेलागणीनंतर मी पुन्हा त्या रस्त्याने गेले. कारखान्याचे दिवे लागलेले होते, मशिनी चालू होत्या. आतल्या बायका ऐच्छिक थांबल्या होत्या की कशा, ते बाहेरून दिसत नव्हतं.

कारखान्याच्या सुटीच्या दिवशी मी अक्काच्या घरी गेले. तिने आधी मलाच झापलं. "तितं अक्का म्हणून हाक मारलीस, घामच फुटला की मला! ओळख निघाली असती तर?"

"अक्का, मी बघून आले. मशिनी चालू असतात. लिहू का मी हे?"

"लिवलं तर काय होतंय?"

"ब्रँड सांगेल, जादा काम बंद करा."

"आन् मालकानं न्हाई ऐकलं तर?"

"माल घेणं थांबवतील कदाचित."

"मग आमी कुटं जायचं?"

स्वयंपाकघरातून तिची सून तेलुगूत काहीतरी बोलली. मला अर्धंच कळलं, अक्काच्या कंबरेचं आणि झोपेचं काहीतरी. अक्काने तिला गप्प केलं. पायाचा अंगठा दाबत बसली. मग म्हणाली, "लिव. पण माझ्याकडनं कळलं असं नगं."

मी लिहिलं. अक्काचा उल्लेख न करता, स्वतः पाहिलं तेवढंच. डिझाईनच्या उशिराबद्दलही एक परिच्छेद लिहिला. तो वरिष्ठांनी काढून टाकला. "आपण कारखाना तपासतोय, ब्रँडला नाही," ते म्हणाले. मी वाद घातला, पण परिच्छेद गेला तो गेलाच.

ब्रँडने कारखान्याला सुधारायची मुदत दिली. पुढच्या तपासणीला माझा एक सहकारी गेला. साडेपाचला मशिनी बंद. दर्जा वर गेला, शिक्का बसला. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

नंतर दिवाळीला घरी गेले. अक्काच्या दारात टॉवेलचे गठ्ठे रचलेले. आत ती, सून आणि समोरच्या घरातली म्हातारी, तिघी मांडीवर टॉवेल घेऊन काठाचे सुटे धागे कापत होत्या. बारीक तंतू सगळीकडे उडत होते. भाताच्या पातेल्यावरच्या झाकणावरही त्यांचा थर होता.

"कारखाना येळेवर सुटतोय की आता," अक्का म्हणाली. "उरलेलं घरी येतंय."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. उलट म्हणाली, "हितं मधनंमधनं पाठ टेकता येतीय. उजेड तेवढा न्हाई."

सून मात्र माझ्याकडे न बघता कात्री चालवत राहिली. तिच्याही कंबरेला आता शेकायची पिशवी बांधलेली होती.

पुण्याला परतल्यावर ऑफिसात सगळं सांगितलं. घरं आपल्या हद्दीत येत नाहीत, असं उत्तर मिळालं. मी मागे लागले, थेट ब्रँडलाही कळवलं. घरी काम करणाऱ्या बायकांना कामगार म्हणून धरा, पण त्यांचं काम तोडू नका, एवढंच माझं म्हणणं होतं. खूप दिवसांनी एवढं ठरलं, की कोणीतरी घरं पाहायला येईल. त्यातून काय निघेल, मला आजही सांगता येत नाही.

अक्काला हे सांगायला गेले. तिने ऐकून घेतलं.

"मग येणाऱ्या मॅडमला काय सांगायचं? तूच शिकव की."

"खरं ते सांग," मी म्हटलं.

"खरं सांगून हे बी बंद झालं तर?"

सून पहिल्यांदाच वर बघून माझ्या उत्तराची वाट पाहत होती. अक्काने नवा गठ्ठा ओढून घेतला आणि त्याची गाठ सोडवायला लागली.