ताईचं नाव कुठल्या रकान्यात

नाटकात मी कधी काम केलं नाही. गळा नाही, तोंडाला रंग लागला की घाम फुटतो आणि पाठांतराच्या नावानं आनंदच आहे. तरी नगरच्या हौशी संगीत नाटकवाल्यांत मला मान आहे, तो वेगळ्याच कारणानं. इथलं एक मंडळ दरवर्षी जिल्ह्यातल्या संगीत नाटकांना पुरस्कार देतं. आठवडाभर रोज एक प्रयोग होतो, मग प्रत्येक गटात चार नामांकनं जाहीर होतात आणि त्यातल्या एकाला पुरस्कार मिळतो. ती चार नावं मी आधीच सांगतो आणि ती बहुतेक बरोबर निघतात. नाट्यगृहाच्या कॅन्टीनमध्ये लोक चहा पाजून विचारतात, "साहेब, यंदा कोण?" मी कोर्टातला कारकून, साहेब कुणाचाच नाही. पण त्या आठवड्यात कुणी साहेब म्हणालं तर मी दुरुस्ती करत बसत नाही.

माझी पद्धत साधी आहे. परीक्षकांच्या मागच्या रांगेत बसायचं आणि स्टेजपेक्षा त्यांच्याकडे जास्त बघायचं. पद चालू असताना ते माना डोलावतात, त्याला काही अर्थ नसतो. माना सगळेच डोलावतात. पद संपून संवाद सुरू झाला की त्यांची नजर स्टेजवर राहते की पाण्याची बाटली शोधते, ते बघायचं. गाणारे पुष्कळ असतात. गाण्यातून बोलण्यात उतरताना भूमिका न सांडणारे थोडे.

गेल्या वर्षी आमच्या नाट्यसंस्थेच्या नाटकात माझी ताई होती. ती शेवगावला अंगणवाडी सेविका आहे आणि दाजींचं तिथं खताचं दुकान आहे. लहानपणापासून ती गाते. तिला कामं मात्र मिळाली ती नायिकेच्या सखीची, मावशीची, शेजारणीची. एखादं पद, तेही कुणाच्या तरी सोबत. पन्नाशीला आल्यावर तिला पहिल्यांदा मोठी भूमिका मिळाली. खानावळ चालवणारी सासू आणि तिच्या हाताखाली आलेली सून, असं ते नवीन नाटक होतं. सासूला पाच पदं, सुनेला चार. दिग्दर्शक पहिल्याच वाचनाला म्हणाला होता, "हे नाटक सासूचं आहे." ताई तीन महिने दर शनिवारी-रविवारी एसटीनं तालमीला आली. तालीम संपवून माझ्याकडे जेवायला यायची आणि ताटावर बसूनसुद्धा ताना घोकायची. माझी बायको म्हणायची, "ताई, आमटी निवतेय." ताई म्हणायची, "निवू दे गं, आधी ही जागा बसू दे."

संस्थेची कागदपत्रं माझ्याकडे असतात. स्पर्धेचा अर्ज प्रयोगाच्या आधी द्यायचा होता. त्यात कलाकारांची नावं दोन रकान्यांत लिहायची होती: मुख्य भूमिका आणि सहाय्यक भूमिका. खाली नियम होता की एकदा दिलेला रकाना बदलता येणार नाही. मी अर्ज समोर घेऊन बसलो आणि माझं डोकं सवयीनं चालू झालं. प्रयोग अजून व्हायचे होते, पण जिल्ह्यातल्या गाणाऱ्या आणि परीक्षकांची आवड मला आधीच्या वर्षांवरून ठाऊक होती. मुख्य भूमिकेत संगमनेरची एक शास्त्रीय शिकलेली, कोपरगावची एक, श्रीरामपूरची एक आणि नगरमधलीच एक कॉलेजातली मुलगी. चारही जागा जवळपास भरलेल्या. ताई पाचवी. सहाय्यकच्या रकान्यात मात्र त्या वर्षी कुणी दमाचं नव्हतं. आमचे वकील नेहमी म्हणतात की दावा कुठल्या कोर्टात लावला यातच निम्मा निकाल असतो. मी सुनेचं नाव मुख्य भूमिकेत लिहिलं आणि ताईचं सहाय्यकमध्ये. दिग्दर्शकानं घाईत न वाचता सही केली. ताईला मी काही सांगितलं नाही. नामांकन लागल्यावर तिला आश्चर्याचा धक्का बसावा, असं माझ्या मनात होतं. खरंच होतं.

प्रयोग रंगला. तिन्ही परीक्षकांपैकी एकानंही बाटलीकडे हात नेला नाही. मी खूश होतो. आठ दिवसांनी नामांकनं जाहीर झाली. सहाय्यक अभिनेत्रींच्या चौघींत ताईचं नाव पहिलं होतं आणि मुख्य भूमिकेत मी सांगितलेल्याच चौघी. सून कुठेच नव्हती, ते मला अपेक्षित होतं. मी लगेच शेवगावला फोन लावला.

"ताई, नामांकन मिळालं!"

"मला? काय सांगतो!" तिचा आवाज एकदम चढला. दाजींना हाक मारून सांगितलं, मागून त्यांचं "लई भारी" ऐकू आलं. मग तिनं विचारलं, "कशासाठी रं?"

मी सांगितलं.

"सहाय्यक?" ती म्हणाली. "कुनाला सहाय्य केलं मी?"

मी तिला सगळं समजावून सांगितलं. चार जागा, संगमनेर, कोपरगाव, रकाना. कोर्टात आलेल्या नवख्या पक्षकाराला समजावतो तसं. ती "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. मला कळेना झालं काय. जिला जन्मात कुणी विचारलं नाही तिला नामांकन मिळालं, तेही माझ्यामुळे, आणि हिचा आवाज असा. मला रागच आला. बायकोला म्हणालो, "भल्याची दुनिया नाही." बायको भाजी चिरत होती. ती म्हणाली, "भलं कुणाचं, तुमच्या यादीचं का?" मला तिचाही राग आला, आणि त्या दोघींचं बरोबर की माझं हे ठरवता येईना म्हणून स्वतःचाही.

समारंभ रविवारी सकाळी होता. ताई आली, नवीन साडी नेसून, दाजींना दुकान होतं म्हणून एकटीच. सहाय्यक अभिनेत्रीचा पुरस्कार तिलाच मिळाला. टाळ्या झाल्या. ती स्टेजवर गेली, स्मृतिचिन्ह घेतलं, नमस्कार केला. निवेदकानं दोन शब्द बोलायला सांगितले तर म्हणाली, "सगळ्यांचे आभार," आणि उतरली. पुढच्या वर्षीसाठी मला चार जणांनी तिथंच चहाचं आमंत्रण दिलं.

बाहेर पडताना परीक्षकांपैकी एक बाई भेटल्या. त्यांनी ताईचा हात हातात घेतला आणि मला विचारलं, "यांचं नाव मुख्य भूमिकेत का नाही दिलंत? आम्ही तिथं शोधत होतो." शेजारी उभे असलेले दुसरे परीक्षक हसून म्हणाले, "उलट बरं केलंत. तिथं यंदा फार गर्दी होती." दोघं निघून गेले आणि मी तसाच उभा. मार्क देणाऱ्या तिघांतलेच हे दोघं. मग मी केलं ते बरोबर होतं की चूक? आजही मी बाईंचं वाक्य घोकतो तेव्हा दुसऱ्यांचं आठवतं, आणि त्यांचं धरून बसलो की बाईंचं.

ताईला स्टँडवर सोडायला गेलो. शेवगावची गाडी लागलेली होती, सुटायला वेळ होता. आम्ही बाकावर बसलो. ताईनं पिशवीतून स्मृतिचिन्ह काढून माझ्या मांडीवर ठेवलं.

"तुझ्याकडंच राहू दे."

"अगं, असं काय करतेस? तुझं आहे ते."

"माझं न्हाई. मी हे काम केलंच न्हाई." रागावलेली वाटत नव्हती. दमलेली वाटत होती. मग गाडीकडे बघत म्हणाली, "एक सांग. तू अर्ज भरलास तवा मी कितवी हुते तुझ्या यादीत?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण यादीच्या बाबतीत मी कधी कुणाशी खोटं बोललो नाही, आणि त्या सवयीनंच घात केला.

"पाचवी," मी म्हणालो. आणि घाईघाईनं सांगू लागलो, की हे परीक्षकांच्या हिशोबानं, त्यांना शास्त्रीय शिकलेल्या आवडतात, दर वर्षीचं आहे हे.

तिनं मला बोलू दिलं. मग म्हणाली, "परीक्षकांचं मला ठावं हुतं रं. चारात न्हाई बसले तर न्हाई, त्याचं काय एवढं. पन तिथं पडले असते तर सासूचं काम करून पडले असते. मी इच्यारलं ते तुझं. तुला कितवी वाटले?"

पंचवीस वर्षं मी कुणाला काय वाटेल हे सांगत आलो. पाच पदं ती गायली, त्यांतलं एकही मला आठवेना. तीन परीक्षकांचे चेहरे मात्र पदागणिक आठवत होते. माझ्या सख्ख्या बहिणीनं आयुष्यात पहिल्यांदा अख्खं नाटक पेललं आणि मी तिच्याकडे बघितलं नव्हतं.

कंडक्टरनं घंटी दिली. ताई उठली, पिशवी खांद्याला लावली.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "पुढल्या म्हयन्यात शेवगावला प्रयोग हाय. स्पर्धेचा न्हाई, नुसता. आलास तर पुढं बस."